दारातली नजर

टाळ्या वाजल्या तेव्हा बाई उभ्या राहिल्या नाहीत. ठरवून वगैरे काही नाही. मांडीवर पर्स, पर्सवर कॉफीचा कागदी कप, आणि तो कप कुठे ठेवावा हे सुचेपर्यंत टाळ्यांचा जोर ओसरूनही गेला. समोर माईकपाशी उभा राहून जिराफ म्हणत होता, "हे माझं नाही. हे सगळं बाईंचं आहे. बाई, जरा उभ्या राहता का?" आणि झाडून सगळी माणसं माना वळवून तिसऱ्या रांगेकडे बघत होती. बाईंनी कपासकट हात थोडा वर केला, हसल्यासारखं केलं आणि बसून राहिल्या. लोकांना वाटलं, किती साधी बाई! जिराफालाही तेच वाटलं असणार, कारण त्याचे डोळे भरून आले. तेच तर! मेल्याने श्रेय दिलं नसतं तर किती बरं झालं असतं. विसरला असता, चोरलं असतं, माझीच कल्पना म्हणून छाती फुगवली असती, तर बाईंना घरी जाऊन नवऱ्यापुढे मनसोक्त आदळआपट करता आली असती. पण नाही. त्याने श्रेय दिलं, आणि तेही मनापासून दिलं. आता या माणसावर रागवायचं तरी कुठून?

जिराफ हे नाव बाईंनीच ठेवलेलं. शिकाऊ डॉक्टर म्हणून तो पहिल्या दिवशी कॅज्युअल्टीत आला तेव्हा पडद्याच्या दांडीवरून त्याचं डोकं दिसत होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "अरे जिराफा, खाली ये, पेशंट इकडे असतात." सगळे हसले, तोही हसला, नाव चिकटलं. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. अपघात, झटके, विष प्यायलेले, जिन्यावरून पडलेले, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही पण भीती वाटते असे. त्या सगळ्यांसाठी बाईंचा एकच नियम होता. पेशंटकडे जाताना आधी दारात थांबायचं. कागद वाचायचा नाही, नर्सला विचारायचं नाही, हात मागे बांधायचे आणि एक श्वास रोखून नुसतं बघायचं. माणूस कसा बसलाय, कुठला खांदा चोरतोय, ओठांचा रंग काय, बायकोकडे बघतोय की छताकडे. मग विचारायच्या, "काय दिसलं?" जिराफाला सुरुवातीला काही म्हणजे काही दिसायचं नाही. "म्हातारा दिसला," असं सांगायचा. बाई म्हणायच्या, "म्हातारा तर दाराबाहेरच्या रखवालदारालाही दिसला. तुला काय दिसलं?" असं करत करत त्याला दिसायला लागलं. आणि आता त्या दिसण्याचं हे झालं होतं. या नव्याकोऱ्या तातडी उपचार केंद्रात, एका बाजूला चपलांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं, अशा चकचकीत जागेत प्रत्येक खोलीच्या उंबरठ्याबाहेर फरशीवर पिवळ्या रंगात दोन पावलं रंगवलेली होती. डॉक्टरने त्या पावलांवर उभं राहायचं, बघायचं, मगच आत जायचं. कंपनीच्या सगळ्या केंद्रांत अशीच पावलं. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, दारातली नजर. बाईंनी आल्या आल्या त्या पावलांवर स्वतःचा पाय ठेवून पाहिला होता. माप मोठं होतं. पुरुषी चप्पल धरून काढलेलं.

खरं सांगायचं तर ती नजर बाईंचीही नव्हती. त्यांच्या आधीचे प्रमुख, कायम खोकणारे एक सर्जन, दारात असेच उभे राहायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाईंनी बघून उचललं, आणि त्यांचं नाव आजवर कुणापुढे काढलं नाही. हे आत्ता, भर टाळ्यांत आठवायची काही गरज नव्हती, पण मन असं चावट असतं की नको तिथे नको ते काढून दाखवतं. बाईंनी कॉफीचा घोट घेतला. थंड झाली होती.

जिराफ आता धंद्याचं बोलत होता, आणि चांगलं बोलत होता. मोठ्या कॅज्युअल्टीत येणाऱ्या बहुतेकांना मोठ्या कॅज्युअल्टीची गरजच नसते. मुरगळलेला पाय, चिरलेलं बोट, लेकराचा ताप. ही माणसं बाकांवर ताटकळतात, आणि त्यांच्यात एखादा खरा आजारी हरवून जातो. म्हणून गल्लोगल्ली अशी तातडी केंद्रं हवीत, दाराशी किती वेळ लागेल ते सांगणारा पडदा हवा, आणि डॉक्टरांना माणसासारखी झोप हवी, कारण पेंगुळलेला डॉक्टर म्हणजे आणखी एक अपघात. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. बाई हेच इतकी वर्षं चहाच्या टेबलावर बडबडत होत्या. फरक एवढाच की बाई बडबडल्या आणि याने ते करून दाखवलं. कंपनीने बाईंचं हॉस्पिटल विकत घेतलं, प्रमुखपदासाठी दोघांनाही बोलावलं, तेव्हा मालकांनी बाईंना विचारलं होतं, "पुढच्या काळात हे क्षेत्र कुठे असेल असं वाटतं?" बाई म्हणाल्या होत्या, "माणसं पडतील तिथे." मालक खूप हसले. बाईंना वाटलं, जिंकलं! पुढे कळलं, हसवणाऱ्याला लोक चहाला बोलावतात, खुर्चीवर बसवत नाहीत. आता जिराफ सगळ्या केंद्रांचा आणि बाईंच्या कॅज्युअल्टीचाही साहेब.

नवरा म्हणाला होता, "अगं, तुला मीटिंगा आवडत नाहीत, आकडे आवडत नाहीत, टाय लावलेली माणसं तर त्याहून आवडत नाहीत. मग तुला ते पद हवंय कशाला?" "मला नकोच आहे," बाई म्हणाल्या. "मग झालं तर!" "झालं काय? मला नकोय म्हणून त्याला मिळावं असं थोडंच आहे?" नवरा शब्दकोड्यात डोकं घालून म्हणाला, "हे मात्र तुझं अगदी बरोबर आहे," आणि त्या बोलण्यात इतकी थट्टा होती की बाई स्वयंपाकघरात जाऊन उगाचच स्वच्छ ओटा पुसत बसल्या. पोटात दुखत होतं, दुसरं काय! बाईंना लाज वाटायची ती याची की हा जळफळाट अगदीच साधा होता. त्यात काही खोल नव्हतं. शेजारणीला नवा फ्रीज आला की वाटतं, तसला. रोज सकाळी हॉस्पिटलच्या दारात शिरताना त्यांना त्याची पाटी दिसायची आणि छातीत काहीतरी आवळायचं, आणि डॉक्टर असल्यामुळे त्यांना हेही माहीत होतं की हे हृदयाचं नाही.

तर अशा मनाने बाई त्याच्याकडे बघत होत्या. दुसरं बघायला होतं काय? त्याचा कोट बघितला, बुटांची लकाकी बघितली, केस कुठे विरळ झालेत ते जरा समाधानाने बघितलं. आणि मग त्याचा डावा डोळा. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली होती. फार नाही, खिडकीचा पडदा नीट वर सरकला नाही की राहतो तेवढीच. पहिल्यांदा बाईंना बरं वाटलं. थकलाय, म्हणाल्या मनात. घ्या साहेबकी! पण थकव्याने दोन्ही पापण्या उतरतात. बाईंचा मोकळा हात आपोआप पाठीमागे गेला, खुर्चीच्या मागे, आणि श्वास थांबला. जिराफ बोलता बोलता मान डावीकडे वळवायचा टाळत होता. त्या बाजूच्या लोकांकडे बघताना अख्खं अंग वळवत होता, कपाट सरकवतात तसा.

भाषण संपलं, कॉफीची वेळ झाली. मालक अजून यायचे होते, ते आले की फीत कापायची. जिराफ गर्दीतून वाट काढत थेट बाईंकडे आला. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, बाहेरचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलं.

"रागावलात ना? न सांगता उभं राहायला लावलं."

"छे रे! मला मेलीला उठायला वेळ लागतो हल्ली."

"गुडघे?"

"गुडघे, कंबर, सगळंच. तुझी मान काय म्हणते?"

तो चमकला, हसला. "तुमच्यापासून काही लपत नाही बाबा. काल विमानात वेडावाकडा झोपलो, तेव्हापासून धरलीय. डोकंही ठणकतंय या बाजूला. दोन गोळ्या घेतल्या."

भर उन्हात त्याच्या दोन्ही बाहुल्या बारीक व्हायला हव्या होत्या, तशा झाल्याही होत्या. मग शेजारून कुणीतरी हाक मारली, तो सावलीकडे वळला, आणि उजवी बाहुली मोठी झाली. डावी होती तेवढीच राहिली. उतरलेली पापणी, बारीक राहिलेली बाहुली, एका बाजूची मान. बाईंनी हे शिकवलं होतं, फळ्यावर काढून दाखवलं होतं. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी जी मोठी नळी असते तिचं आतलं अस्तर फाटतं. माणूस चालतो, बोलतो, भाषणं करतो, आणि एखाद्या क्षणी त्या फाटक्या जागी धरलेली गुठळी सुटते आणि वर जाते. मग तो बोलत नाही. मग त्याचा हात हलत नाही. वेळ आहे तोवर स्कॅन करायचं, रक्त पातळ करायचं औषध द्यायचं, मानेला धक्का लावायचा नाही. हे सगळं बाईंच्या डोक्यात एका झटक्यात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ओळीने उभं राहिलं. आणि तोंडाने बाई म्हणाल्या, "शेक घे जरा."

"घेतो," तो म्हणाला, आणि गेला.

शेक घे! बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला, अगदी मायेचा, आईने म्हणावं तसा. कुणीतरी हातात बिस्किटांची बशी दिली. बाई खुर्चीवर बसल्या आणि बिस्किट खाऊ लागल्या. आता सांगते. आत्ता नको, चारचौघांत, त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी. फीत कापू दे, मग बाजूला घेते. पण फीत कापायला मालक केव्हा येणार? आणि मला दिसलं ते खरंच दिसलं का? बाई, तू सकाळपासून या माणसात खोट शोधते आहेस. केस शोधलेस, बूट शोधलेस, आणि काही सापडेना तेव्हा डोळा सापडला. उद्या सगळे म्हणतील, पद गेलं ते गेलं, वर भर समारंभात त्याला आजारी ठरवायला निघाली. तोही म्हणेल, बाई, सोडा हो, आणि ते मायेने म्हणेल. ती माया सहन होणार नाही. हे सगळं अगदी पटण्याजोगं होतं. पण बाईंना ठाऊक होतं की हे सगळं वरवरचं आहे, आणि याच्या खाली दुसरं काहीतरी हातपाय पसरून बसलंय. त्या तिकडे बघत नव्हत्या. दारात उभं राहून जे बघायचं असतं ते इथे, स्वतःच्या आत, बघायची त्यांची छाती होईना. मग एकदा बघितलंच. आत एक खुर्ची होती. रिकामी. मालक बाईंच्या समोर उभे राहून गंभीर चेहऱ्याने म्हणत होते, आता तुम्हीच सांभाळा. आणि बाई, डोळे पुसत, नाही नाही म्हणत, हो म्हणत होत्या.

बाईंनी उरलेलं बिस्किट बशीत ठेवलं. समोर जिराफ कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून हसत होता, आणि ते हसू बाईंना फार ओळखीचं होतं. पहिला पेशंट याच्या हातून गेला तेव्हा हाच लांबडा पोरगा औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून रडला होता, आणि बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या, आणि नंतर आपल्या डब्यातलं अर्धं जेवण त्याला दिलं होतं. ऊठ, बाई म्हणाल्या स्वतःला. ऊठ ना गं! आणि मालकांची गाडी आल्याची कुजबुज झाली, सगळे दाराकडे सरकले, आणि बाई बसूनच होत्या. किती वेळ? तो त्यांनी मोजला नाही, आणि पुढे कधी मोजावासा वाटलाही नाही. शेवटी उठल्या एवढं खरं. पर्स उचलली, कप खाली ठेवला, त्याच्या दिशेने दोन पावलं टाकली. त्याला सांगायला निघाल्या होत्या की दाराकडे, घरी जायला, हे आजही त्यांना सांगता येणार नाही. दोन्ही एकाच बाजूला होते.

तेवढ्यात रेडिओचा आवाज आला. रेडिओ म्हणजे बाईंच्याच कॅज्युअल्टीतली एक डॉक्टर. सकाळी लागायची ती ड्युटी संपेपर्यंत बंद व्हायची नाही. बाईंनी तिचा नाद केव्हाच सोडला होता. हिला तोंड आहे, डोळे नाहीत, असं त्या उघड म्हणायच्या. मग जिराफाने तिला आपल्या हाताखाली घेतलं आणि या केंद्राची प्रमुख केलं, तेव्हा बाईंनी नाक मुरडलं होतं. ती रेडिओ आता मालकांच्या स्वागताला म्हणून जिराफाचा टाय सारखा करत होती, तोंडाची टकळी चालूच, "सर, तुम्ही म्हणजे ना, कोट एवढा भारी आणि टाय बघा कसा, वहिनी नव्हत्या का घरी, आणि हे काय, डोळा असा का... सर? इकडे बघा. असं नाही, उजेडाकडे. आता माझ्याकडे. अगं बाई!" आणि ती गप्प झाली. रेडिओ गप्प झाली हे इतकं नवल होतं की आजूबाजूचे सगळेच गप्प झाले. मग तिने त्याचं कोपर धरलं. "सर, चला. आत चला. फीत गेली खड्ड्यात."

"अगं, मालक..."

"मालकांना बसायला खुर्ची देतील. मान हलवू नका."

असा त्या केंद्राचा पहिला पेशंट त्याचा साहेबच झाला. ती त्याला खोलीत नेत असताना त्याच्या उजव्या हातातला फोन खाली पडला. तो उचलायला वाकला नाही. हाताकडे बघत राहिला, परक्याचा हात बघावा तसा. आणि बाई धावल्या. पर्स कुठे पडली कोण जाणे. नंतर सगळे सांगत होते की त्या दिवशी बाईंना बघायला हवं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी बसून त्यांनी रस्ताभर हॉस्पिटलला फोनवर सूचना दिल्या, स्कॅनची खोली रिकामी करून घेतली, मेंदूच्या डॉक्टरला जेवणावरून उठवलं. जिराफाची बायको आली तिला मिठीत घेतलं. मालकांनी दोन्ही हात धरून आभार मानले. "तुम्ही होतात म्हणून," असं ज्याने त्याने म्हटलं, आणि प्रत्येकाला बाईंनी सांगितलं, "मी नाही. रेडिओने पकडलं." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. रेडिओ मात्र दिवसभर ज्याला त्याला एकच सांगत सुटली होती, की सरांनी तिला पिवळ्या पावलांवर उभं करून करून शिकवलं म्हणून दिसलं, नाहीतर तिला मेलीला काय दिसणार!

तो वाचला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं शाबूत राहिलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर राहिली. सुधारतील, कदाचित सुधारणार नाहीत, मेंदूचा डॉक्टर म्हणाला. आणखी लवकर कळलं असतं तर, असं जिराफाच्या बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, सांगता येत नाही. बाई तिथेच उभ्या होत्या. सांगता येत नाही, हे त्यांनीही आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. पण ते ऐकताना कसं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मालकांनी विचारलंच. तो बरा होईपर्यंत तुम्ही बघाल ना? बाई नाही म्हणाल्या, आणि रेडिओचं नाव सुचवलं, आणि लोक पुन्हा म्हणाले, किती साधी बाई.

काही दिवसांनी एका दुपारी त्या त्याला भेटायला गेल्या. खोलीत ऊन होतं, तो उशीला टेकून बसला होता, डाव्या हाताने रबराचा चेंडू उजव्या मुठीत कोंबत होता. पापणी अजून तशीच होती. बाई दारात थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या आणि त्याचं तोंड दिसणार नाही अशा खुर्चीवर बसल्या. घरचं, हॉस्पिटलचं बोलणं झालं. रेडिओ मीटिंगमध्ये मालकांनाही बोलू देत नाही म्हणे, यावर दोघं हसले. मग तो चेंडूकडे बघत म्हणाला,

"बाई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"त्या दिवशी कॉफीच्या वेळी मी तुमच्या पुढ्यात उभा होतो. खिडकीत. उजेडात. मानेचं तर तुम्हीच विचारलंत. मला सारखं वाटतंय, तुम्हाला कसं नाही दिसलं?"

त्याच्या बोलण्यात संशयाचा लवलेश नव्हता. तेच भयंकर होतं. त्याला खरंच कोडं पडलं होतं. ज्या बाईंना दारातून म्हाताऱ्याची बरगडी मोडलेली दिसायची, त्यांना एवढं ढळढळीत दिसू नये? बाईंच्या ओठांवर ते अगदी आलं होतं. दिसलं होतं! सगळ्यांच्या आधी! तू बोलत होतास तेव्हाच, तिसऱ्या रांगेतून, कुणी जवळही आलं नव्हतं तेव्हा! एवढ्या लांबून ते दुसऱ्या कुणाला दिसलं असतं? रेडिओला तर नाक खुपसेपर्यंत कळलं नाही. आयुष्यात इतकं अचूक बाईंना क्वचित काही दिसलं असेल. आणि ते या जगात कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, कधी सांगता येणार नव्हतं.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "नाही दिसलं मला."

त्याने चेंडू ठेवला आणि चांगल्या हाताने त्यांच्या हातावर थोपटलं, पेशंटच्या म्हाताऱ्या आईला थोपटायचा तसं. "होतं हो असं, बाई. वय असतं, गर्दी असते. माझ्याकडून किती सुटलंय. मनाला लावून घेऊ नका." आणि दाराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही."

बाईंनी त्याचे आभार मानले.